वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवा

कर्जत, माथेरान आणि खोपोली नगरपरिषदा व खालापूर नगरपंचायत यांचे नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक, तसंच कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांतले सरपंच यांना खुलं पत्र



हे पत्र एका कादंबरीच्या निमित्ताने लिहीत आहे. मागणी मात्र तुमच्या आवाक्यातली आहे, आणि ती आधीच सांगून टाकतो. आपल्याकडची सार्वजनिक वाचनालयं संध्याकाळी लवकर बंद होतात. ती रात्री दहापर्यंत उघडी राहावीत. वाड्यावाड्यांवर पुस्तकांच्या पेट्या फिराव्यात. आणि कुणाच्या नुसत्या निवेदनावरून एकही पुस्तक कपाटातून हलवलं जाणार नाही, असा ठराव तुमच्या सभागृहाने करावा. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ मध्ये वाचनालय चालवणं हे नगरपरिषदेचं ऐच्छिक कर्तव्य म्हणून नोंदलेलं आहे. म्हणजे करायचं की नाही हे तुमच्या हातात आहे. म्हणूनच हे पत्र मंत्रालयाला न पाठवता तुम्हाला लिहितो आहे.

कादंबरी आहे रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची ‘फॅरनहाइट ४५१’. ऑक्टोबर १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ब्रॅडबरीच्या घरी कॉलेजसाठी पैसे नव्हते. शाळा संपल्यावर तो लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक वाचनालयांत जाऊन बसला आणि वर्षानुवर्षं तिथेच शिकला. या कादंबरीचा पहिला खर्डासुद्धा त्याने एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात लिहिला. तिथे भाड्याचे टाइपरायटर होते. दहा सेंटचं नाणं टाकलं की यंत्र अर्धा तास चालायचं. सगळा खर्डा नऊ डॉलर ऐंशी सेंटमध्ये झाला. गरीब घरच्या पोराला बसायला जागा, वर दिवा आणि हाताशी पुस्तकं मिळाली, तर काय घडू शकतं याचं हे उदाहरण तुम्ही लक्षात ठेवावं अशी माझी इच्छा आहे.

कादंबरीतल्या शहरात आगीचा बंब आग विझवायला येत नाही. कुणाच्या घरात पुस्तकं सापडली की बंब येतो आणि पुस्तकांसकट घर पेटवून जातो. माँटॅग नावाचा जवान हे काम इमानेइतबारे करत असतो. एके दिवशी एक म्हातारी आपली पुस्तकं सोडून घराबाहेर यायला नकार देते आणि त्यांच्याबरोबर जळून जाते. त्या दिवसापासून माँटॅगची झोप उडते. त्याची बायको दिवसभर भिंतीएवढ्या पडद्यांवरच्या माणसांशी बोलत बसते, रात्री कानात शिंपल्याएवढा रेडिओ घालून झोपते. आपण दोघं पहिल्यांदा कुठे भेटलो हे त्या नवरा-बायकोला आठवत नाही.

या कादंबरीचं नाव निघालं की लोक आगीबद्दल बोलतात. मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळा वाटतो. बंबवाल्यांचा कॅप्टन बीटी माँटॅगला समजावतो की हे सगळं सरकारी हुकमाने सुरू झालंच नाही. आधी लोकांना लांबलचक काही नकोसं झालं, मग पुस्तकांचे सारांश निघाले, मग सारांशांचेही सारांश. दुसरीकडे प्रत्येक गटाला कुठल्या ना कुठल्या पानावर आक्षेप होता. पान गाळलं, धडा गाळला, पुस्तक गाळलं. बंबवाले आले ते अगदी शेवटी, काम जवळजवळ उरकल्यावर. बीटी स्वतः भरपूर वाचलेला माणूस आहे, म्हणून त्याचं बोलणं अंगावर येतं.

खुद्द या पुस्तकाचं काय झालं तेही सांगायला हवं. १९६७ पासून प्रकाशकाने शाळांसाठी त्याची वेगळी आवृत्ती काढली आणि लेखकाला न विचारता पंच्याहत्तर ठिकाणी शब्द बदलले. शिव्या काढल्या, गर्भपाताचा उल्लेख काढला, दारू प्यालेल्या माणसाला आजारी केलं. पुढे काही वर्षं बाजारात तेवढीच कापलेली आवृत्ती मिळत होती. ब्रॅडबरीला हे समजलं ते १९७९ च्या सुमारास, त्याच्या लक्षात आणून दिल्यावर. सेन्सॉरशिपवरची कादंबरी वर्षानुवर्षं सेन्सॉर होऊन विकली गेली. हे कुठल्याही सरकारने केलं नव्हतं. शाळांना त्रास नको, पालकांची तक्रार नको, एवढ्या साध्या काळजीपोटी एका कचेरीतल्या माणसांनी ते केलं होतं.

आपल्याकडे सरकारी बंदीचा इतिहास मोठा आहे. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. महाभारतातली गोष्ट, पण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत लेखकाच्या स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या, आणि त्यावेळी स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली, ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. वाचत बसलेल्या बाईला पोलीस उठवून घेऊन गेले. या घटना वाचताना मला एक गोष्ट जाणवते. ‘कीचकवध’वर बंदी घालावी लागली, कारण लोक ते बघत होते, वाचत होते, त्याचा अर्थ लावत होते. ज्या नाटकाकडे कुणी फिरकत नाही त्यावर बंदी घालायची गरज कलेक्टरला पडत नाही.

नंतरच्या काळात सरकारपेक्षा जमाव पुढे आले. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. राग एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकातल्या मजकुराचा होता. तो मजकूर मलाही पटलेला नाही, आणि शिवाजी महाराजांच्या आईविषयी कुणी हलकं लिहिलं तर संताप येणं मला समजतं. पण त्या दिवशी कपाटं उलथली, पोथ्या फाटल्या, आणि तो मजकूर लिहिणाऱ्याचं त्यात काहीही गेलं नाही. गेलं ते आपलं. शिवकाळावर अभ्यास करणाऱ्या मराठी मुलामुलींना ज्या कागदांची गरज लागते, त्याच कागदांवर हात पडला. राज्य सरकारने त्या पुस्तकावर घातलेली बंदी शेवटी न्यायालयातही टिकली नाही.

आनंद यादवांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी २००८ मध्ये आली. वारकरी मंडळींनी आक्षेप घेतला, लेखकाने माफी मागितली, कादंबरी मागे घेतली गेली. तेवढ्यावर भागलं नाही. यादव महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष होते. त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि मार्च २००९ मध्ये ते संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. ‘झोंबी’ लिहिणारा, कागलच्या शेतकरी घरातून हट्टाने शिकून वर आलेला हा लेखक. त्या कादंबरीवर कडक टीका करायला पूर्ण वाव होता. टीका छापायची, उत्तर छापायचं, पुन्हा प्रत्युत्तर छापायचं, ही आपल्या शंभर-दीडशे वर्षांच्या नियतकालिकांची रीत. त्याऐवजी वाचकाच्या हातातून पुस्तकच काढून घेतलं, आणि वाचकाने फारशी कुरकुरही केली नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला राज्य पुरस्कार जाहीर झाला आणि आठवड्याच्या आत शासनाने तो रद्द केला. त्यावर काही लेखकांनी सरकारी समित्या सोडल्या. पुस्तक आपल्यापैकी किती जणांनी वाचलं होतं?

इथे आपल्या जिल्ह्यातलाच एक प्रश्न कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. मग पुस्तक जाळणं वाईट कसं? मी याचा बराच विचार केला आहे. ज्यांना शेकडो वर्षं अक्षराला हात लावू दिला नव्हता, त्यांनी ज्या ग्रंथाच्या आधाराने ही बंदी चालली त्याची एक प्रत सर्वांसमक्ष जाळली. कुणाच्या घरात घुसून पुस्तकं जप्त केली नाहीत, कुणाला ती वाचायला मज्जाव केला नाही. बाबासाहेबांनी स्वतः तो ग्रंथ बारकाईने अभ्यासला आणि पुढे आयुष्यभर त्यावर लिहीत राहिले. दादरचं ‘राजगृह’ त्यांनी बांधलं तेच मुळी पुस्तकांना जागा हवी म्हणून. आणि र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेबच. वाचकांच्या लैंगिक शंकांना छापून उत्तरं देणं हा कर्व्यांचा गुन्हा होता. खटला हरले, पण मासिक थांबलं नाही. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले तोवर ते चालू होतं. दुर्बळांनी आपल्यावरच्या बंदीचा निषेध करणं आणि बलवानांनी दुसऱ्याच्या हातातलं पुस्तक हिसकावणं, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका, एवढीच विनंती.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे येतो. इथे कुणी पुस्तकं जाळत नाही, आणि इथला धोका मला बीटीने सांगितलेला वाटतो. वाचनालयाच्या कुठल्याही जुन्या पुस्तकाचं मागचं पान उघडा. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. एका सामाजिक कादंबरीची अशी चिठ्ठी माझ्यासमोर आहे. वरचे रकाने शिक्क्यांनी गच्च भरले आहेत, एकावर एक चढलेले जांभळे शिक्के, दर आठ-पंधरा दिवसांनी नवी तारीख. जागा संपली म्हणून खाली दुसरी चिठ्ठी जोडली आहे. दुसऱ्या चिठ्ठीवर तारखांत महिन्यांची अंतरं पडायला लागतात, मग वर्षांची. खालचा अर्धा भाग कोरा आहे. त्या पुस्तकावर कुणी कधी आक्षेप घेतला नाही. ते दाखल नोंदवहीत आहे, कपाटात आहे, वाळवीपासून वाचलेलं आहे. पण आज रात्री ते गायब झालं तर उद्या सकाळी कुणाला कळणारही नाही. ज्या पुस्तकाला वाचक नाही ते हलवायला जमावही लागत नाही, एक शिपाई पुरतो.

लोकांना वाचायचंच नसतं, असं यावर मला नेहमी ऐकवलं जातं. मला ते मान्य नाही. नेरळ, भिवपुरी, कर्जत इथली आणि पुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लवजी, खोपोलीपर्यंतची माणसं पहाटेची लोकल पकडून मुंबई-ठाण्याला जातात. मुंबईपासून कर्जत शंभर किलोमीटर. दोन तास जाताना, दोन तास येताना. याच डब्यांत एकेकाळी पेपरच्या घड्या हातोहात फिरत, वाचनालयाचं पुस्तक डब्याच्या पिशवीत असे. आज बहुतेकांच्या कानात ब्रॅडबरीचा शिंपला आहे. त्यात माणसाचा दोष मी धरत नाही. उभ्याने प्रवास करून दमलेला माणूस हाताशी जे असेल ते घेतो. पण तो स्टेशनातून बाहेर पडतो साडेआठ-नऊला, आणि तोवर वाचनालयाला कुलूप लागलेलं असतं. सकाळी तो निघतो तेव्हाही कुलूपच. नोकरी करणारा सभासद आठवड्यातून एकदाही पुस्तक बदलू शकत नसेल, तर वर्गणी कशाला भरेल? रात्री दहाची मागणी यातून आली आहे.

खर्चाचं मला भान आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. शेजारच्या कर्नाटकात ग्रंथालयासाठी मालमत्ता करावर उपकर घेतात. आपल्या कायद्यात तो नाही, त्यामुळे संस्थांची वाचनालयं ‘अ’ ते ‘ड’ वर्गाप्रमाणे मिळणाऱ्या शासकीय अनुदानावर आणि तुटपुंज्या वर्गणीवर जगतात. ग्रंथपालाला मिळणारा पगार सांगायलाही लाज वाटते. म्हणून दोन तास जास्त उघडण्याचा खर्च, म्हणजे एका माणसाचं मानधन आणि विजेचं बिल, तुम्ही उचलावा. आपल्या भागात फार्महाऊस, रिसॉर्ट, नवी संकुलं किती उभी राहताहेत हे तुम्हीच जास्त जाणता. त्यांच्या घरपट्टीतून एवढी रक्कम निघणार नाही असं कुणी मला पटवून देऊ शकणार नाही.

वाड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात; मुलांचं शाळेचं वर्ष मधेच तुटतं. आणि शाळेत असतात तेव्हा त्यांची बोली तिथे चालत नाही. तिच्यावर बंदीचा कुठलाही कागद निघालेला नाही, तरी मूल वर्गात गप्प बसायला शिकतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ब्रॅडबरीच्या कादंबरीच्या शेवटी माँटॅग नदीत उडी घेऊन शहराबाहेर निसटतो आणि जुन्या रेल्वेरुळांवरून चालत काही माणसांपाशी पोचतो. त्यांतल्या प्रत्येकाने एकेक पुस्तक तोंडपाठ करून ठेवलेलं असतं. इर्शाळवाडीत अशी माणसं होती. कुणाला गाणी येत होती, कुणाला रानातली औषधं, कुणाला वंशावळी. त्यातलं काहीही माझ्या वाचनालयाच्या कपाटात नाही. ती माणसं परत येणार नाहीत, पण बाकीच्या वाड्या आहेत, तिथले म्हातारेकोतारे आहेत. त्यांचं सांगणं त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, छापा, आणि ते पुस्तक पेटीत घालून पहिल्यांदा त्यांच्याच पोरांच्या हातात द्या.

पेटीची कल्पना नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि संस्थानातल्या खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवायला सुरुवात केली. आज नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना तशाच पेट्यांवर चालते. आपल्याकडे आरोग्य केंद्राची गाडी वाडीवर जाते, रेशनची जाते. तिच्यात एक पेटी बसते.

माणसांनी पुस्तक तोंडपाठ करून वाचवणं ही आपल्याला परकी गोष्ट नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली, ही कथा घराघरात माहीत आहे. अभंग लोकांच्या मुखात होते म्हणून ते बुडाले नाहीत, असं वारकरी सांगतात. ती इंद्रायणी उगम पावते लोणावळ्याजवळ कुरवंड्याला, खोपोलीच्या डोक्यावरच्या डोंगरात. त्याच डोंगररांगेच्या अलीकडच्या अंगाला उल्हास उगम पावते आणि कोंडाण्यावरून आपल्या कर्जतला येते. तुकोबांचे शब्द राखणारी माणसं आपल्यापासून एवढ्या जवळची आहेत. त्यांच्याच नावाने एखादं पुस्तक कपाटातून काढायची मागणी उद्या तुमच्याकडे आली, तर हे आठवा.

अशी मागणी येईलच. कुठल्याही गटाकडून, कुठल्याही झेंड्याखाली. त्यासाठी ठरावात एवढंच लिहा: निवेदन देणाऱ्याने ते पुस्तक वाचनालयातून घरी न्यावं, पूर्ण वाचावं, आणि कुठल्या पानावर काय आक्षेप आहे ते सही करून लिहून द्यावं. मग तुमच्या समितीतल्या प्रत्येक सदस्यानेही ते पूर्ण वाचावं. तोवर पुस्तक जागेवरच राहील. आक्षेपाचं लेखी उत्तर फलकावर लावावं, म्हणजे गावालाही वाचता येईल. वाचनालयात काही कमी न होता दोन पानांची भर पडेल.

माथेरानच्या गरीब घरात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वकील झाले आणि कर्जत तालुक्यातल्या खेड्यांत त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि मुलांसाठी शाळा काढल्या. आझाद दस्ता, विजेचे मनोरे पाडणं, भूमिगत होणं हे सगळं त्यानंतरचं, १९४२ चं. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. तुमच्यापैकी अनेक जण दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावर जाता, हार घालता. भाई कोतवालांनी आधी शाळा काढल्या होत्या, हे त्या दिवशी भाषणात सांगा, आणि खाली आल्यावर आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन सभासद व्हा.

अर्थसंकल्पाची सभा फेब्रुवारीत होते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर वाचनालयाच्या वेळेचा, पेट्यांचा आणि निवेदनांच्या नियमाचा विषय घ्या. सभेला प्रेक्षकांच्या बाकावर मी येईन, माझ्यासारखे आणखीही येतील. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की आपल्या नगरसेवकाला, आपल्या सरपंचाला हे एकदा विचारावं, आणि उत्तराची वाट बघेपर्यंत एक पुस्तक घरी न्यावं.

आपला,
कर्जत तालुक्यातला एक वाचक